तेविसाव्या शीनचा मतलब

अक्का, आज सकाळी मी फोन न करता बसले.

परवा उदगीरला तुमची तेरवी झाली, काल दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं नांदेडला परतलो, आणि आज आंघोळ-देवपूजा आटोपून, चहाचा कप घेऊन मी लॅपटॉपसमोर बसले. सवयीनं हात आधी फोनकडेच गेला. 'अक्का, मी बसले हं' एवढंच म्हणायला. तुमचं नाव निघालं, डोक्यावर पदर घेतलेला तुमचा तो फोटो निघाला, आणि मग मी फोन उलटा करून ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला न सांगता ती फाईल उघडली. दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं झालं.

ह्या 'बसले'चा अर्थ फक्त आपल्या दोघींनाच ठाऊक. आपल्या कादंबरीची फाईल एक, आणि लॅपटॉप दोन. एक माझा नांदेडला, एक तुमचा उदगीरला, तुमच्या लातूरच्या लेकीनं जुना झाला म्हणून दिलेला. सुरुवातीला एकदा आपण दोघी एकाच वेळी फाईल उघडून बसलो, आणि एका फाईलच्या दोन फायली होऊन माझे दोन सीन गडप झाले. त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले होते. नणंदेवर! तुम्ही शांतपणे म्हणालात, "अगं, एका चुलीपुढं दोघी बसल्या की भाकर करपतेच. एकीनं उठायचं, मग दुसरीनं बसायचं." तेव्हापासून तो नियम झाला. बसताना फोन, उठताना फोन. "मंगल, मी बसून राहिले, तू उठ." "उठले अक्का, बसा." तुमचा भाऊ हसायचा. म्हणायचा, बाहेरच्या माणसाला वाटंल ह्या दोघी व्यायाम करतात.

हे सगळं सुरू तुम्हीच केलंत, आठवतं? मी शाळेतून निवृत्त झाले. जन्मभर मराठी शिकवलं, वह्या तपासल्या, आणि पहिल्याच महिन्यात घर खायला उठलं. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या चुका काढून राहिलीस जिंदगीभर. आता एक पुस्तक लिही की, म्हणजे लोक तुझ्या काढतील." मी म्हणाले, कशावर लिहू? माझ्या आयुष्यात काय घडलंय? "तुझ्या न्हाई घडलं. माझ्याकडं हाय. मी सांगते, तू लिही." आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनला फोन. अर्धापूरच्या केळीच्या बागेत वाढलेली, लांब कर्नाटकाच्या वेशीवर दिलेली एक पोरगी. कौसल्या नाव तुम्हीच ठेवलंत. मी म्हणाले, अक्का, ही तुम्हीच की हो. तर कसल्या चिडलात! "मी? मी कुठं एवढी गोरी हाय?"

ते कादंबरी लिहायचं सॉफ्टवेअर मी कुठूनसं शोधलं. त्यात प्रत्येक सीनला एक कोरा चौकोन असतो. आत सीन कितीही पानांचा असो, त्या चौकोनात थोडक्यात लिहायचं, ह्या सीनमध्ये काय घडतं. आणि एका जागी सगळ्या सीनचे चौकोन एकाखाली एक बघता येतात, तिथल्या तिथं दुरुस्तही करता येतात. मी तुम्हाला फोनवर समजावून सांगत होते, "अक्का, ह्याला सारांश म्हणतात." तुम्ही म्हणालात, "म्हणजे मतलब." मी म्हणाले, मतलब नव्हे, सारांश. "तेच ते. शीनचा मतलब. हे झालं, ते झालं, पण मतलब काय? तेच ना?" मी दोन-तीन वेळा सारांश म्हणून पाहिलं आणि मग मीही मतलबच म्हणायला लागले. काय करणार.

वाटणीही तुम्हीच केलीत. "आत तू लिही, बाहेर मी लिहिते." सातवी शिकलेली बाई, शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून, एका बोटानं मतलब टाइप करायची. विचार करताना तुमचा पाय आपोआप पायडलवर जायचा. फोनवर मला ती खडखड ऐकू यायची, आणि मला कळायचं, अक्का अडल्यात, आता बोलायचं नाही. खडखड थांबली की वाक्य आलंच म्हणून समजावं.

आणि कसली वाक्यं! मतलब दोन ओळींच्या वर जाता कामा नये, हा तुमचा कायदा. तिसरी ओळ लागली तर त्या एका सीनमध्ये दोन सीन आहेत, सोडवून वेगळे करायचे. मी नवव्या सीनमध्ये केळीच्या बागेतली संध्याकाळ लिहिली होती. सहा पानं. मला स्वतःला एवढी आवडली होती की तुमच्या भावाला बसवून वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी मतलबाचा चौकोन उघडते तर तुम्ही लिहिलेलं: 'काही झालं न्हाई.' बस्स. सहा पानांचा मतलब, काही झालं न्हाई! मी रागानं फोन केला. म्हणाले, अक्का, वर्णन असतं ते, वाचकाला वातावरण लागतं. "लागतं की. पण कौसल्यानं त्या बागंत केलं काय? उभी ऱ्हायली. मग दोन ओळीत उभी कर की, सहा पानं तिचे पाय न्हाई दुखत का?" दोन दिवस मी बोलले नाही तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी पाच पानं काढून टाकली. खरं सांगते अक्का, त्या एका पानासारखं पान मी पुन्हा लिहिलेलं नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही आणखी चढून बसला असतात.

आपलं खरं भांडण मात्र भाषेवरून. माझा हात शिवशिवायचा हो! 'इचारलं' दिसलं की 'विचारले', 'हाव' दिसलं की 'होय', 'म्हणली'चं 'म्हणाली'. तुम्ही बाहेर लिहायचात आणि मी बसले की आधी तुमचे मतलब धुऊन-पुसून ठेवायची, मगच आत शिरायची. तुम्ही म्हणायचात, "ते तर पुस्तकात छापायचं बी न्हाई, मग कामून पुसतीस? ते काय कुणी पाहुणा बघणार हाय?" मी म्हणायची, सवय लागली पाहिजे. "कुणाला, मला? साठीच्या वर गेले मी, मंगल." ते भांडण अर्धंच राहिलं. कौसल्यानं पुस्तकात हाव म्हणायचं का होय, ह्यावर शेवटचं काही ठरलंच नाही. नाव कुणाचं आधी छापायचं, तेही ठरलं नाही. तुम्ही म्हणायचात, "तुझंच टाक, मला मतलबापुरतं ऱ्हाऊ दे."

आता तेविसाव्या सीनकडे येते. सकाळपासून त्याच्याभोवतीच फिरते आहे, तुमच्या लक्षात आलं असेलच.

तेविसाव्या सीनमध्ये कौसल्या हक्कसोड करते. बापाच्या शेतातला आपला वाटा भावाला सोडून देत असल्याचा कागद. आपल्याकडे कुठल्या बहिणीनं केला नाही तो? बाप गेला की वर्षाच्या आत बहिणींना बोलावणं जातं, जेवण होतं, रजिस्ट्रीला जाणं होतं, सही होते, आणि भाऊ साडी-चोळी करतो. मी तो सीन मन लावून लिहिला होता. साहेब विचारतो, 'राजीखुशीने सोडता ना?' आणि कौसल्या हसून म्हणते, 'होय साहेब, भाऊ काय परका आहे?' भावाच्या डोळ्यांत पाणी येतं. मला फार छान वाटला होता तो सीन.

तुम्ही बाहेर मतलब लिहिलात: 'साहेबानं इचारलं, राजीखुशीनं का. भावजय हाव म्हणली.'

मी बसले, 'इचारलं'चं 'विचारले' केलं, 'म्हणली'चं 'म्हणाली' केलं, आणि जाता जाता 'भावजय'चं 'बहीण' केलं. वाटलं, अक्कांचा घोटाळा झाला. एका बोटानं टाइप करतात, एकीच्या जागी दुसरी पडली. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच मला येतं.

आठवड्यानं पाहते तर पुन्हा 'भावजय हाव म्हणली'. मी पुन्हा बदललं, आणि ह्या वेळी फोन केला. "अक्का, तेविसाव्यात तुम्ही परत भावजय टाकलंय. सही बहिणीची, विचारलं बहिणीला. भावजय कशाला बोलेल तिथं?" मशीनची खडखड थांबली. मग तुम्ही म्हणालात, "हाव. कशाला बोलंल." आणि फोन ठेवलात. मला वाटलं, चूक पटली.

मग ह्या नागपंचमीला तुम्ही चार दिवस आमच्याकडे राहायला आलात. शेवटची पंचमी, हे कुणाला ठाऊक होतं? जेवणं झाली, दुपारी तुमचा भाऊ आडवा झाला, आणि तुम्ही म्हणालात, "चल, आज दोघी संगंच बसू. एकीनं उठायचं काम न्हाई." तुम्ही पलंगावर मांडी घातलीत, डोळे मिटलेत, आणि मी पहिल्यापासून एकेक मतलब मोठ्यानं वाचत गेले. पोथी ऐकावी तशा ऐकत होतात. नववा आला तेव्हा डोळे मिटूनच हसलात. तेविसावा आला. मी माझ्या शाळेतल्या खणखणीत आवाजात वाचलं: 'साहेबाने विचारले, राजीखुशीने का. बहीण होय म्हणाली.' तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणाले, काय झालं? तुम्ही म्हणालात, "काय न्हाई. पुढं वाच."

एकेचाळीस मतलब वाचून झाल्यावर तुम्ही सहज विचारावं तसं विचारलंत, "मंगल, आपल्या रजिस्ट्रीचा दिवस आठवतो का गं तुला?"

मी म्हणाले, "आठवतो की! केवढं ऊन होतं! आणि ती हिरवी साडी, जरीच्या काठाची, मी तीन दुकानं फिरून आणली होती तुमच्यासाठी."

"हाव," तुम्ही म्हणालात. "ऊन लई होतं."

एवढं बोलून तुम्ही चहाचं बघायला उठलात. मी लॅपटॉप मिटला. अक्का, त्या वेळी तुम्ही माझा कान का धरला नाहीत? एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी तोंडावर सांगायचात! एवढी मोठी गोष्ट, आणि मला मतलबाच्या चौकोनातून सांगत बसलात. तेही माझ्यासारखीला, जिला शुद्धलेखनापलीकडे काही दिसत नाही.

आज सकाळी मी सगळे मतलब एकाखाली एक उघडले. तुमचा आवाज ऐकायचा होता, दुसरं काही नाही. वाचत गेले आणि लक्षात आलं की पंचमीनंतर उदगीरला जाऊन तुम्ही एकटीनं बसला होतात. सगळीकडे माझं 'म्हणाली' तुम्ही तसंच ठेवलेलं. 'न्हाई'चं मी केलेलं 'नाही'सुद्धा राहू दिलेलं, माझ्या मनासारखं. बदललेला चौकोन एकच. तेविसावा. 'साहेबानं इचारलं, राजीखुशीनं का. भावजय हाव म्हणली.' अक्षरन् अक्षर पहिल्यासारखं.

चहा तसाच राहिला. कारण तेवढ्यात मला तो दिवस आठवला. ऊन नाही, साडी नाही. ते टेबल आठवलं. साहेबानं चष्म्यावरून तुमच्याकडे पाहून विचारलं होतं, "बाई, राजीखुशीनं सोडून राहिलात ना?" तुम्ही पदराचं टोक हातात धरलं होतं. तोंड उघडलं होतं तुम्ही. काहीतरी बोलणार होतात. आणि मी, तुमच्या मागं उभी असलेली मी, शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली मी, म्हणाले, "हाव साहेब, राजीखुशीनं. घरचंच हाय." शुद्धलेखनवाली मी, त्या दिवशी चक्क हाव म्हणाले होते! साहेबानं मान हलवली. तुम्ही तोंड मिटलंत. आणि सही केलीत.

इतकी वर्षं हे मला आठवलं कसं नाही? तुम्ही मला दोनदा लिहून आठवण करून दिलीत आणि दोन्ही वेळा मी ती पुसून टाकली. आणि ती हिरवी साडी तुम्ही एकदाही नेसला नाहीत. दर दिवाळीला मी विचारायची, अक्का, ती ठेवणीतलीच राहणार का? तुम्ही म्हणायचात, "उन्हाची हाय ती." मी हसायची. मला वाटायचं गंमत करताय.

मी तुमच्या भावाला हाक मारली. त्याला चौकोन दाखवला. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हे अक्कानं लिहिलंय?"

"हो."

"ही भावजय म्हणजे..."

"मीच."

तो खुर्ची ओढून बसला. मी आपलं त्याच्यापुढं बडबडत राहिले, "मला काय गरज होती बोलायची? तुम्ही तरी मला गप्प का नाही केलंत? सख्खी बहीण तुमची, एक शब्द बोलायला काय झालं होतं?" त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खरं सांगू? तू बोललीस ते मला बरंच वाटलं तवा. ती काय म्हणंल ह्याची भीती होती मला."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. पहिल्यांदाच कुणीतरी त्या टेबलापुढची गोष्ट खरी सांगितली होती. त्यानं चष्मा काढून ठेवला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "लातूरच्या पोरीला येत्या आठवड्यात बोलावून घे. अर्धापूरला शेतावर जाऊन येऊ." शेतावर कशाला, ते तो बोलला नाही. ह्या वेळी मीही त्याच्या वतीनं काही बोलले नाही.

अक्का, एक गोष्ट मला कळते. भांडण शेताचं नव्हतं. कदाचित तुम्ही हावच म्हणाला असतात. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. भावासाठी तुम्ही अंगावरचं काढून दिलं असतं आणि वर त्यालाच रागावला असतात, नीट घडी घाल म्हणून. पण तो हाव तुमचा झाला असता. माझा झाला. तुम्हाला उभ्या आयुष्यात सरकारी माणसानं एकदाच विचारलं, बाई, तुझी मर्जी काय? आणि त्याचं उत्तर मी देऊन टाकलं, कारण मला मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला शाळेत पोहोचायचं होतं. माझं चुकलं. हे मी पंचमीला म्हणायला पाहिजे होतं, तुम्ही पलंगावर मांडी घालून बसला होतात तेव्हा. तुम्ही दार उघडून ठेवलं होतं, आणि मी उन्हाचं बोलत बसले.

आणि तरी तुम्ही माझ्याशी सहा वर्षं रोज दुपारी बोललात. तुमच्या तोंडचा शब्द काढून घेणारीलाच तुम्ही सगळी गोष्ट सांगितलीत, केळीच्या बागेपासून, एकही सीन न लपवता. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नाही. मला लिहिता येतं असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात, आणि काही झालं न्हाई असं म्हणणाऱ्याही तुम्हीच.

दुपारी तेविसावा सीन आतून पुसला. हसरी कौसल्या गेली, भावाच्या डोळ्यांतलं पाणी गेलं, सगळी पानं गेली. आता तिथं टेबल आहे, साहेब आहे, पदराचं टोक आहे. साहेब विचारतो. कौसल्या तोंड उघडते. आणि मागून भावजय म्हणते, 'हाव साहेब, राजीखुशीनं.' हावच लिहिलंय. होय केलं नाही, करणारही नाही. तुमचं-माझं ते भांडण तुम्ही जिंकलात. बाहेरच्या चौकोनाला मी हात लावला नाही. आत आणि बाहेर आता एकच मतलब आहे.

त्याच्या खाली एक नवा सीन घातला. त्यात साहेब परत एकदा विचारतो. तेच टेबल, तोच प्रश्न, भावजय मागं उभी आहे, आणि ती गप्प बसते. एवढंच लिहिता आलं मला. पुढं कौसल्या काय म्हणते ते मला माहीत नाही, आणि अंदाजानं मी एक शब्दही टाकणार नाही. त्याचा मतलबाचा चौकोन कोरा ठेवलाय. तो तुमचा.

तीन वाजलेत. फाईल बंद केली.

मी उठले, अक्का. बसा.